चावी मिळाली, पण ट्रक थांबवला

नवीन बांधलेल्या घरात राहायला जायचं म्हटलं की जो तो पहिला प्रश्न विचारतो, तारीख काय ठरली? आणि मग सगळं त्या तारखेच्या मागे धावत सुटतं, ट्रक, खोकी, रजा, मुलाच्या परीक्षा, सगळंच. मी मात्र आधीपासून म्हणत होते की चावी मिळाल्यावर काही आठवडे घर मुद्दाम रिकामं ठेवायचं आणि तारीख त्यानंतर काढायची. यावरून आमच्यात बरंच वाजलं. नवरा म्हणे, "अगं दोन दोन घरांचा खर्च किती दिवस ओढायचा, घर तयार आहे म्हणतायत ना ते?" त्याचं चुकत होतं असं नाही, जुन्या घराचं भाडं आणि नव्याचा हप्ता एकाच महिन्यात जातात तेव्हा पोटात गोळा येतोच. पण माझं एकच म्हणणं होतं, की घर पूर्ण रिकामं दिसायची संधी एकदाच मिळते. एकदा कपाटं लागली, पलंग आला, खोक्यांच्या थप्प्या लागल्या की त्यामागची भिंत परत दिसत नाही, आणि मग काही दुरुस्त करायचं म्हटलं तरी "आता सामान कोण हलवणार" यावर गाडी अडते. शेवटी सासूबाईंनी माझी बाजू घेतली (हे फार वेळा होत नाही म्हणून नोंदवून ठेवते) आणि त्यांचं कारण अगदी साधं होतं, त्यांना ताज्या रंगाच्या वासाने दम लागतो.

तर घर तयार असतं म्हणजे नक्की काय असतं, इथून सुरुवात करते. एका घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण १५० ते २०० लिटर पाणी घातलेलं असतं. त्यातलं काही सिमेंटशी क्रिया होऊन कायमचं आत अडकतं, उरलेलं हळूहळू बाहेर पडतं आणि त्याला कसलीही घाई नसते. त्यावर परत प्लास्टरचं पाणी, क्युरिंगसाठी, म्हणजे सिमेंट नीट पक्कं व्हावं म्हणून वरून मारलेलं पाणी, पुट्टीचं, रंगाचं. २८ दिवस झाले की काम झालं असं साइटवर सगळे ठोकून सांगतात पण ते २८ दिवस काँक्रीटची ताकद मोजायचे आहेत, वाळण्याचा हिशोब वेगळाच. फरशीखालच्या सिमेंटच्या थरासाठी ठोकताळा असा आहे की हवा खेळती असेल तर एक मिलिमीटर जाडीला साधारण एक दिवस, आणि थर ४०-५० मिलिमीटरच्या वर जाड असेल तर त्याच्याही पुढे वेळ लागतो. रंगाचंही तेच, इमल्शन तासा-दोन तासात हाताला लागेनासं होतं पण पूर्ण पक्कं व्हायला दोन ते चार आठवडे घेतं, तोवर भिंत ओल्या फडक्याने पुसली किंवा कपाट टेकवलं तर डाग पडतो नाहीतर रंगच उचलून येतो.

मुलाच्या खोलीत आम्हाला लाकडी फ्लोरिंग करायचं होतं म्हणून तिथे खाली नुसता सिमेंटचा कोबा ठेवला होता. फ्लोरिंगवाला दुसऱ्याच दिवशी यायला तयार, त्याने हात फिरवून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, कोरडंठाक आहे की." मी त्याला म्हटलं थांबा जरा. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्यायचा, तो जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने गच्च बंद करायच्या आणि किमान १६ तास हात लावायचा नाही. नंतर उचलून बघायचं, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलंय का, किंवा तेवढाच चौकोन बाजूच्यापेक्षा गडद झालाय का. आमच्याकडे दोन्ही झालं होतं. वरून कोरडं दिसत होतं कारण वरचं पाणी उडून जात होतं, खालचं अजून वर येतच होतं. अशावेळी लाकडी पट्ट्या टाकल्या असत्या तर ते पाणी लाकडात गेलं असतं आणि पट्ट्या फुगून मध्येच उंच झाल्या असत्या. तो फ्लोरिंगवाला स्वतः वाकून तो चौकोन बघत बसला, मग काही न बोलता मापं घेऊन गेला. त्या खोलीचं काम आम्ही सगळ्यात शेवटी ढकललं.

बाकी घर वाळवायला काही मोठं तंत्र लागत नाही, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, बाहेर हवा दमट असेल तेव्हा मात्र बंद, आणि कपाटांची दारं, ड्रॉवर सगळे उघडे. रोज कोणीतरी जाऊन यायचं. जाणारा बहुतेक वेळा नवराच, कारण त्याच्या ऑफिसच्या वाटेवर पडतं, आणि गंमत म्हणजे घाई करणारा तोच हळूहळू त्या रिकाम्या घराचा जाणकार झाला, कुठल्या खिडकीतून किती वाजता ऊन येतं, कुठला नळ उघडला की पाइपात धडधड होते, सगळं तोंडपाठ.

मग आली तपासणी. बिल्डरच्या माणसाबरोबर चावी घेताना जी फेरी मारतात ना, ती माझ्या मते नुसती औपचारिकता, त्यात लाइट चालू-बंद करून दाखवतात आणि सही घेतात. खरी तपासणी आपली आपण, भर दिवसा, हातात बादली, मोबाइलचा टॉर्च, एक नाणं, मुलाचा एक छोटा बॉल, चार्जर, टेप, खडू आणि रंगीत मास्किंग टेप घेऊन. टॉर्च भिंतीवर समोरून मारायचा नाही, भिंतीला चिकटवून आडवा धरायचा, म्हणजे पुट्टीच्या सगळ्या लाटा आणि खड्डे सावल्या पाडतात. फरशीवर नाण्याने टकटक करत जायचं, जिथे पोकळ आवाज येतो तिथे खाली माल नीट भरलेला नाही, तिथे उद्या जड पलंगाचा पाय आला की फरशी तडकते. अशा प्रत्येक फरशीवर टेपचा तुकडा लावायचा आणि नंबर घालायचा, फोटो काढायचा. हॉलमध्ये आमच्या बऱ्याच निघाल्या, पोरगा तर टकटक करायला इतका रंगला की शेजारच्या फ्लॅटमधल्या मिस्त्रीने येऊन विचारलं काय चाललंय.

बाथरूमला मात्र वेळ द्या, अगदी कंजुषी करू नका, कारण घरातला सगळ्यात महागडा त्रास तिथूनच सुरू होतो. बॉल सोडून उतार बघायचा, तो पाणी निघून जायच्या जाळीकडे गेला पाहिजे, आमच्या एका बाथरूममध्ये तो दिमाखात दाराकडे आला. मग बादलीभर पाणी ओतून कुठे साचतं ते बघायचं आणि कोरडं झाल्यावर खडूने त्या डबक्याची कड आखून ठेवायची, म्हणजे "इतकं थोडं राहतंच हो" असं कोणी म्हणालं तर डबकं केवढं होतं ते समोर दिसतं. त्यानंतर खरी परीक्षा, जाळीचं तोंड घट्ट बंद करून जमिनीवर पाणी भरून निदान २४ तास ठेवायचं आणि खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते का बघायचं. खालचा फ्लॅट रिकामा असतो तोवर हे सहज जमतं, तिथे माणसं राहायला आली की परवानग्या काढत बसा. आमच्या एका ठिकाणी पाइपाच्या भोवती खाली ओलसर गोल उमटला. साइट इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, तुम्ही राहायला या, मग निवांत करून देऊ." हे "राहायला आल्यावर" प्रकरण मी आजवर जितक्या नातेवाइकांकडून ऐकलंय त्यावरून सांगते, यात बिचाऱ्या इंजिनिअरला फसवायचंच असतं असं काही नसतं, पण राहत्या घरात बाथरूमची फरशी फोडायला कोणालाच नको असते, आपल्यालाही नको असते, त्यामुळे ते राहूनच जातं. रिकाम्या घरात तेच काम विनासायास झालं. धूळ उडाली तर उडाली, झाकायला काही नव्हतंच.

बाथरूममधून येणाऱ्या वासाबद्दल एक सांगायचं राहिलं. घर बंद राहिलं की जाळीतून गटाराचा वास यायला लागतो आणि लोक घाबरतात की लाइन चुकली. बहुतेक वेळा जाळीखालच्या ट्रॅपमध्ये जे साधारण ५० मिलिमीटर पाणी थांबलेलं असतं, जे खालची हवा वर येऊ देत नाही, ते उडून गेलेलं असतं. प्रत्येक जाळीत, सिंकमध्ये, वॉशिंग मशीनच्या आउटलेटमध्ये तांब्याभर पाणी ओता, वास गेला तर प्रश्न मिटला, नाही गेला तर मग प्लंबर. आणि नळ पहिल्यांदा सोडताना त्यांच्या तोंडाची जाळी फिरवून काढून ठेवा. नव्या पाइपात वाळू, सिमेंटचे कण, टेफ्लॉन टेपचे तुकडे काय काय असतं, ते सगळं त्या जाळीत जाऊन बसतं आणि मग आपण प्रेशर नाही म्हणून ओरडतो. पाणी बराच वेळ वाहू द्यायचं, मग जाळ्या धुऊन परत बसवायच्या. पाइपात आठवडेच्या आठवडे साचून राहिलेलं पाणी प्यायला घ्यायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

इलेक्ट्रिकच्या बाबतीत चार्जर घेऊन प्रत्येक पॉइंट चालतो का बघणं सगळेच करतात, पण चार्जर चालला म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, चार्जरला अर्थिंग लागतच नाही. त्यासाठी तीन दिव्यांचा छोटा सॉकेट टेस्टर मिळतो, तो खोचला की वायर उलटी जोडली आहे का, अर्थ लागलंय का ते लगेच दिसतं. आमचा किचनमधला एक आणि बाल्कनीतला एक पॉइंट अर्थशिवाय निघाला, नेमका बाल्कनीतला, जिथे वॉशिंग मशीन येणार होतं. मेन बोर्डवर जो शॉकपासून वाचवणारा स्विच असतो, आरसीसीबी, त्यावर ३० एमए (मिलिअँपिअर) लिहिलंय का बघा, माणसाला वाचवायला तेवढ्या संवेदनशीलतेचा लागतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं ते दाबलं की तो खाडकन पडला पाहिजे. अर्थात ते बटण फक्त तो स्विच चालतो का एवढंच सांगतं, अर्थिंग त्याने कळत नाही. आणि बोर्डवरचा एकेक एमसीबी, म्हणजे त्या त्या लाइनचा आपोआप पडणारा स्विच, पाडून कुठली खोली अंधारात जाते ते पाहून त्याच्याखाली नाव लिहून टाका. हे काम दोघांचं, एक बोर्डपाशी आणि एक घरभर ओरडत फिरायला, आमच्याकडे ओरडायला हौशी माणूस होताच.

या सगळ्याची यादी केली, खोलीप्रमाणे, फोटोसकट, आणि तोंडी सांगण्याऐवजी मेलवर पाठवली. मग दुरुस्त्या झाल्या तशा एकेक टेप आम्हीच काढत गेलो, दुसऱ्या कोणी टेप काढायची नाही असं सांगून ठेवलं होतं. याचा फायदा असा की कामगार बदलले तरी भिंतच सांगते काय बाकी आहे.

फर्निचरचं आमचं थोडं वेगळं होतं. किचनच्या ट्रॉल्या आणि दोन कपाटं सुताराकडून करून घेतली. आता प्लाय, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ या सगळ्यात लाकूड चिकटवायला जो डिंक वापरतात त्यातल्या बऱ्याच प्रकारांतून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघत राहतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली घरातल्या हवेसाठी त्याची मर्यादा दिली आहे, एक घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाची सरासरी धरून. ते मोजायचं यंत्र काही आम्ही आणलं नाही, पण एक गोष्ट समजून घेतली की उष्णता आणि दमटपणा वाढला की तो वायू जास्त सुटतो, म्हणजे ओल्या भिंतींचं बंद घर आणि त्यात नवं कोरं फर्निचर हा सगळ्यात वाईट मेळ. म्हणून सुताराकडून दोन गोष्टी आवर्जून करून घेतल्या. एक, बोर्डाच्या सगळ्या उघड्या कडा बंद करायच्या, मागच्या आणि खालच्या न दिसणाऱ्या सुद्धा, कारण उघड्या कडेतून जास्त बाहेर पडतं. तो म्हणाला, "ताई, मागची बाजू कोण बघणार आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही दादा, पण वास सगळे घेणार आहेत." आणि दुसरी, बाहेरच्या भिंतीला लागून येणारं कपाट भिंतीपासून थोडं सुटं ठेवायचं, मागे हवा फिरेल इतकं. नवीन भिंतीतून ओल बाहेर पडत असते, तिला कपाटाच्या पाठीने झाकलं की ती जाणार कुठे, मग मागे बुरशी येते आणि आपल्याला कळतं ते कपड्यांना वास यायला लागल्यावर.

सासूबाईंना आम्ही मधे मधे घेऊन जायचो, तासभर बसायच्या खुर्ची टाकून. पहिल्यांदा दहा मिनिटांत बाहेर आल्या. "नाही गं, अजून नाही," म्हणाल्या. पुढे पुढे त्या जास्त वेळ बसायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर आमचं वासाचं मीटर म्हणजे त्याच होत्या. त्या जेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागल्या तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, आता लाव ट्रकवाल्यांना फोन.

मधल्या काळात घराची मापं घेऊन जमिनीवर मास्किंग टेपने सगळं फर्निचर खऱ्या मापात आखून टाकलं होतं. कागदावरचा प्लॅन आणि हे, यात फार फरक आहे. टेपच्या पलंगाभोवती चालून बघितलं, दार उघडून बघितलं, कपाटाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर आला तर माणूस मागे उभा राहू शकतो का तेही. त्यात कळलं की आमचा जुना मोठा सोफा तिथे मावतो पण मग गॅलरीचं दार अर्धंच उघडतं, तो सोफा नव्या घरात आलाच नाही, दिराकडे गेला. फ्रिजचंही बघा, तो कोपऱ्यात मावला तरी त्याचं दार भिंतीला लागून ९० अंशाच्या वर उघडलं नाही तर आतले ड्रॉवर बाहेरच येत नाहीत.

आणि ही कपाटाची गंमत तर मला फार आवडते, कारण यावरून आमच्या घरात कागद-पेन्सिल निघाली होती. आमचं एक अख्खं, न सुटणारं जुनं कपाट आहे, सात फूट उंच आणि दोन फूट खोल. नवरा म्हणे छत नऊ फूट, खाली लावलेलं पीओपीचं छत धरून साडेसात, आरामात येईल. पण कपाट दारातून आडवं येतं आणि मग खोलीत उभं करावं लागतं, आणि उभं करताना त्याचा कर्ण वर लागतो, त्याची उंची नाही. सातचा वर्ग ४९, दोनचा ४, बेरीज ५३, तिचं वर्गमूळ साधारण ७.२८, म्हणजे सात फूट आणि साडेतीन इंचाच्या आसपास. पीओपी साडेसातला होतं म्हणून दोन-अडीच इंचांनी वाचलो, पण ज्या ठिकाणी उभं करणार होतो तिथे बरोबर वर लोंबता दिवा लावायचं ठरलं होतं. दिवा नंतर लावला. शाळेतलं पायथागोरस इतक्या वर्षांनी कामाला आलं म्हणून मुलाला उगाच लेक्चरही दिलं. हाच हिशोब लिफ्टला लावा, जिन्याच्या वळणाला लावा, ट्रक दारात उभा असताना लावण्यापेक्षा आधी लावलेला बरा.

पॅकिंगबद्दल लोक इतकं बोलतात की मी थोडक्यात आवरते. पुस्तकं लहान खोक्यात, कारण एक घनफूट पुस्तकं १५ ते २० किलो भरतात, मोठ्या खोक्यात भरलीत तर उचलणारा आणि खोक्याचं बूड यातलं एक जाणार. खोक्यावर आत काय आहे ते थोडं आणि नव्या घरातली खोली मोठ्या अक्षरात, कारण उतरवणाऱ्या माणसाला "जुनं माळ्यावरचं" वाचून काही बोध होत नाही, आणि हे वरच्या झाकणावर लिहायचं नाही, बाजूला लिहायचं, थप्पी लागली की झाकण दिसत नाही. किमती वस्तूंची नावं मात्र बाहेर लिहू नका, ती आणि कागदपत्रं आपल्याबरोबर. सोडवलेल्या प्रत्येक फर्निचरचे स्क्रू पिशवीत घालून त्याच फर्निचरला टेपने चिकटवायचे. टीव्हीच्या मागच्या वायरींचा सोडवायच्या आधी फोटो. आणि ट्रकमध्ये जे शेवटी चढतं ते आधी उतरतं, म्हणून गाद्या, पडद्यांचे रॉड, ड्रिल मशीन, बल्ब, झाडू-पोछा आणि बाथरूमचं सामान शेवटी चढवायचं. बल्ब मुद्दाम म्हणतेय, नवीन घरात बऱ्याचदा नुसते पॉइंट असतात, दिवे आपले. पडद्यांचंही तसंच, आधीच्या घरात ते वर्षानुवर्षं लटकत असतात म्हणून लक्षात येत नाहीत, इथे पहिल्या रात्री सगळ्या बिल्डिंगला आपलं घर दिसतं.

सामान हलवायच्या आदल्या दिवशी फ्रिज बंद करून बर्फ वितळवून पुसून घेतला. वॉशिंग मशीन पुढून दार असलेलं आहे, त्याच्या ड्रमला धरून ठेवणारे वाहतुकीचे बोल्ट नवीन आणलं तेव्हा काढलेले असतात, ते जपून ठेवले असतील तर हलवताना परत लावायचे. आमचे होते, नवऱ्याच्या त्या डब्यात, ज्यात जगातला प्रत्येक स्क्रू आहे आणि ज्यावरून मी इतकी वर्षं त्याला बोलत आले. त्या दिवशी काही बोलले नाही. नव्या घरी पोचल्यावर ते बोल्ट आठवणीने काढा, तसंच मशीन सुरू केलं तर ते घरभर नाचतं. फ्रिज वाटेत आडवा ठेवावा लागला असेल तर उभा करून काही तास तसाच राहू द्यायचा, कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात गेलेलं असतं ते परत खाली यायला हवं, किती तास ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. आमचा उभाच आला.

शिफ्टिंगचा दिवस अगदीच मिळमिळीत गेला, सांगण्यासारखं काही नाही. लिफ्टची वेळ आधीच बिल्डिंगवाल्यांना सांगून ठेवली होती, लिफ्टच्या आत पुठ्ठे लावले होते, मी जुन्या घरी आणि नवरा नव्या घरी, प्रत्येक खोलीच्या दारावर नाव चिकटवलेलं. जुनं घर रिकामं झाल्यावर तिथल्या मीटरचं रीडिंग आणि इथलंही, दोन्हीचे तारीख दिसतील असे फोटो काढले. संध्याकाळी मुख्य दाराच्या कुलपाचं आतलं सिलिंडर बदलून घेतलं, कारण बांधकाम चालू असताना त्या चाव्या किती हातांतून फिरल्या असतील ते कोणालाच माहीत नसतं. पत्ता बदलायची कामं, बँक, विमा, शाळा, ती अजून चालूच आहेत आणि ती कंटाळवाणीच आहेत.

राहायला आल्यावर दोन गोष्टी सुरू झाल्या ज्यांची कल्पना होती म्हणून घाबरलो नाही. हवा दमट झाली तशी एका बेडरूमचं दार चौकटीला घासायला लागलं. सुतार लगेच रंधा घेऊन यायला तयार होता, पण लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत परत आकसतं, आत्ता तासलं तर सहा महिन्यांनी त्याच दाराला फट पडेल, म्हणून थांबलोय. आणि खिडकीच्या कोपऱ्यातून केसासारख्या बारीक तिरक्या भेगा आल्या, प्लास्टर वाळताना आकसतं तेव्हा अशा येतात. त्या भेगांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ आणि शेजारी तारीख लिहून ठेवलीये, भेग रेघेच्या पुढे सरकली किंवा नाणं शिरेल इतकी रुंद झाली तर इंजिनिअरला दाखवायची, नाहीतर एक वर्ष सगळे ऋतू जाऊ द्यायचे आणि मग एकदाच भरून रंग मारायचा. बाल्कनीच्या भिंतीवर खाली थोडी पांढरी भुकटीही आली आहे, पाणी बाहेर येताना बरोबर क्षार घेऊन येतं आणि उडून जाताना ते मागे ठेवतं, ती कोरड्या ब्रशने झाडून टाकते, ओल्या फडक्याने पुसलं तर क्षार परत आतच जातात.

मुलाच्या खोलीतला प्लास्टिकचा चौकोन परत एकदा लावला होता, यावेळी आतून कोरडा निघाला, त्यामुळे फ्लोरिंगवाल्याला बोलावलंय. तोवर पोरगा हॉलमध्ये झोपतोय आणि त्याची काहीच तक्रार नाही. दुरुस्तीची दुसरी यादी मी फ्रिजवर लावून ठेवली आहे, दार, भेगा, बाल्कनी, आणि नवऱ्याने खाली स्वतःच्या अक्षरात "किचनच्या सिंकखाली थेंब, फक्त रात्री" असं वाढवलंय. बिल्डरची दुरुस्तीची मुदत संपायच्या आत ही पण मेलवर जाईल, फोटोसकट.